साहेबांच्या वहीतले शुक्रवार

त्या वर्षी अख्खं दोहा फुटबॉलने झपाटलं होतं आणि आम्ही चौघं मात्र टेनिस खेळत होतो. रोज ऑफिसला जायचा रस्ता बदललेला असायचा. काल जिथे डावीकडे वळलो, तिथे आज सिमेंटचे अडथळे आणि नवी पाटी. कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या घड्याळात वर्ल्ड कपचे उरलेले दिवस उलटे मोजले जात होते. ऑफिसात कुणी कुणाला ‘कशी आहेस’ विचारत नव्हतं, ‘किती राहिलं?’ एवढंच विचारत होतं. मी एका स्टेडियमच्या प्लॅनिंगमध्ये होते, म्हणजे तो प्रश्न झेलायलाच मला पगार मिळत होता म्हणा ना. आणि खरं सांगते, मला ते सगळं भयंकर आवडत होतं. चाळिशी उलटलेली बाई मी, पण सकाळी हेल्मेट डोक्यावर चढवताना शाळेच्या गॅदरिंगच्या दिवशी व्हायचं तसं व्हायचं. घरी येऊन पायातले सेफ्टी शूज काढले तरी तोंडाचा पट्टा चालूच. नवरा म्हणायचा, “अगं, श्वास घे मधे.”

तिथे मला जर्मन साहेब भेटले. ते गवताचे माणूस. मैदानावर कुठलं गवत लावायचं, त्याखाली वाळूचे थर किती, पाणी कुठून निघून जाईल, हे सगळं त्यांच्याकडे. वय बासष्ट, उंच, जरा वाकलेले, आणि गवत बघायला खाली बसले की उठताना गुडघ्यावर हात ठेवून “आख” म्हणायचे. माझ्या वेळापत्रकावर त्यांची सही लागायची. पहिल्याच मीटिंगमध्ये मी त्यांना जर्मनमध्ये नमस्कार केला. पुण्यात शाळेत मार्क मिळतात म्हणून संस्कृत सोडून तीन वर्षं जर्मन घेतलं होतं. त्याचा आयुष्यात हा पहिला उपयोग. साहेब इतके खूश झाले, की सही करायच्या आधी त्यांनी मला विचारलं, “टेनिस खेळता का?”

खेळत होतो की. दोह्यातल्याच मदिनत खलीफा भागात आमच्या कंपाउंडमध्ये एक कोर्ट होतं, हिरवा रंग उडालेलं, एका कोपऱ्यात तडा गेलेलं. शुक्रवारी सकाळी मी, नवरा आणि रत्नागिरीचे भाई तिथे असायचो. भाई आमच्याच साइटवर स्टोअर सांभाळायचे. स्टोअरमध्ये एक नट इकडचा तिकडे झाला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे, आणि टेनिसमध्ये मात्र बॉल कुठे जाईल ते त्यांचं त्यांना माहीत नसे. नवरा रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये, त्यामुळे त्याच्या ड्यूटीप्रमाणे आमचं जमायचं. चौथा गडी नव्हता. साहेब आले आणि डबल्सची सोय झाली.

पहिल्या शुक्रवारी ते आले ते पांढरीशुभ्र फुलपँट घालून. चाळीस डिग्रीकडे निघालेला दिवस, आणि हा माणूस फुलपँटमध्ये! त्या दिवशी ते आणि नवरा एका बाजूला, मी आणि भाई दुसऱ्या. एक सेट खेळलो. त्या उन्हात त्यांचे पाय चालेनात, गुडघा धरला, एकदा तर पडलेच. सहा-शून्य. मी आपली जोशात शेवटच्या पॉइंटलाही त्यांच्या डोक्यावरून लॉब मारला. ते बाकावर जाऊन बसले, खिशातून काळ्या पुठ्ठ्याची छोटी वही काढली, पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि वही परत खिशात ठेवली. चहासुद्धा न घेता गेले.

मला फार वाईट वाटलं. परदेशात एकटा राहणारा म्हातारा माणूस, आपल्या दारी खेळायला येतो आणि आपण त्याची अशी धुलाई करतो, हे काही बरं नाही. मीच म्हणाले, “भाई, पुढच्या वेळी यांना कच्चा लिंबू करूया.”

भाई हसले. “करूया की. आमच्या वाडीत तर माज्या चुलत्यालाच केलेलां. पन्नाशीचा कच्चा लिंबू!”

नवरा मात्र माझ्याकडे बघून डोळे बारीक करून म्हणाला, “सहीसाठी ना?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. सहीचा काही संबंध नव्हता, असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. आज विचाराल तर शपथ घेणार नाही.

तर आमची पद्धत अशी ठरली. साहेबांकडे बॉल हळू द्यायचा, शक्यतो त्यांच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. त्यांना पळवायचं नाही. आमच्या खेळात अंपायर नसतोच. आपल्या बाजूची रेघ आपणच बघायची आणि इन की आउट ते आपणच ओरडायचं. तेव्हा साहेबांचा बॉल वीतभर बाहेर पडला तरी आम्ही ओरडायचो, “इन! सुपर शॉट, सर!” भाई तर इतके रंगात यायचे, की बॉल जाळीखालून गेला तरी टाळ्या वाजवायचे. मला हसू दाबताना नाकीनऊ यायचे. साहेबांचा जोडीदार कुणीही असो, त्यांची बाजू जिंकायची. सहा-चार, सहा-तीन. मग ते बाकावर बसून वही काढायचे, आमच्याकडे बघून हसायचे आणि वही छातीशी धरून लिहायचे. आम्ही एकमेकांना डोळा मारायचो. केवढं पुण्य पदरात पाडून घेतोय असं वाटायचं मला!

खेळ झाला की आमच्या व्हरांड्यात बसायचो. भाईंच्या घरून घावने आणि ओल्या नारळाची चटणी यायची, आमचे पोहे, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा करक चहा. भाईंना जुम्म्याच्या नमाजाला जायचं असायचं, म्हणून साडेदहाला ते उठायचेच. तोवर साहेब बोलायचे, इंग्रजीत, आणि मधेच माझ्यासाठी एखादं सोपं वाक्य जर्मनमध्ये. बोलायचे ते एकाच माणसाविषयी, त्यांच्या आजोबांविषयी.

आजोबा शंभर वर्षांपूर्वीचे टेनिसपटू. उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या गावी कॉफीच्या व्यापाऱ्याकडे कारकून. त्या काळी टेनिस हा पैशाचा खेळ नव्हता. उलट जो पैसे घेईल त्याला कुणी मैदानात उभं करत नसे. हौशी म्हणजे खरोखरच हौशी. आणि हौस करायची तर घरचं हवं, ते आजोबांकडे नव्हतं. उन्हाळ्यात बिनपगारी रजा घ्यायची, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसायचं, गाव यायच्या आधी डब्यातच पांढरे कपडे चढवायचे आणि स्टेशनात असं उतरायचं, की जणू पहिल्या वर्गातून आलोय. हे ऐकून भाई मांडीवर थाप मारून म्हणाले, “म्हंजे आमच्यातलोच!”

समुद्रकाठच्या गावांतून स्पर्धा व्हायच्या. श्रीमंत लोक हवा खायला यायचे, बायका मोठाल्या टोप्या घालून बघत बसायच्या. बक्षीस काय, तर चांदीची साखरदाणी, नाहीतर सिगारेटची डबी. साहेबांच्या आजीकडे अशा पाच साखरदाण्या होत्या आणि ती साखर ठेवायची पत्र्याच्या डब्यात. गावातल्या क्लबाच्या मैदानावर हिवाळ्यात पाणी सोडायचे, त्याचा बर्फ व्हायचा आणि लोक त्यावर घसरायला यायचे. आजोबा तेव्हा काठावर उभे राहून, बर्फाखाली रेघा कुठे आहेत ते मनातल्या मनात आखायचे. हे साहेबांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला तो माणूस दिसायलाच लागला. त्यांचा हुकमी फटका म्हणजे डाव्या अंगाने कापून मारलेला बॉल, जमिनीला चिकटून रेघेला समांतर जाणारा. अशी सात-आठ वर्षं ते खेळले आणि एकेक पायरी चढत गेले. प्रत्येक मॅच वहीत लिहायची त्यांची सवय होती. तारीख, गाव, समोर कोण, स्कोअर आणि एक शेरा. ‘वारा.’ ‘बूट ओले.’ ‘माझीच चूक.’ साहेबांची वही म्हणजे त्या वहीचीच नक्कल होती.

मी शुक्रवारची वाट बघायला लागले. खेळापेक्षा आजोबांची. मागच्या वेळी आजोबा उपांत्य फेरीत सोडले होते, आता काय झालं असेल, म्हणून सोमवारपासून जीव टांगणीला लागायचा. साइटवर गवताचे गुंडाळे उलगडत होते, रात्रीत मैदान हिरवं झालं, लोक कुंपणाशी उभे राहून फोटो काढत होते. साहेब त्या गवतावर अनवाणी चालले आणि मला म्हणाले, “शुक्रवारी येतोय.”

मग नोव्हेंबर लागला. वर्ल्ड कप दोन-तीन आठवड्यांवर आलेला. रस्त्यावर सगळ्या देशांची निशाणं आणि ऑफिसात सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्या शुक्रवारी साहेब सहा-दोन जिंकले, वहीत लिहिलं, घावन्याचा तुकडा तोडला आणि म्हणाले, “पुढचा शुक्रवार माझा शेवटचा. मैदान ताब्यात दिलं, काम संपलं. घरी गेल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यानंतर टेनिस नाही. म्हणजे पुढची मॅच ही माझ्या आयुष्यातली शेवटची मॅच.”

आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी आजोबांचा शेवट सांगितला.

परदेशात खेळायला जर्मनीचा संघ जाणार होता. एक जागा शिल्लक होती. उन्हाळ्यातल्या शेवटच्या स्पर्धेत आजोबांची गाठ पडली एका छोट्या संस्थानाच्या राजपुत्राशी. राजपुत्र बरा खेळायचा, पण आजोबांपुढे काहीच नव्हता. आदल्या दिवशी क्लबाच्या सेक्रेटरींनी आजोबांना कॉफीला बोलावलं आणि गोड बोलून सांगितलं, की पाहुण्यांचा मान राखावा. संघ निवडणारे तेच. आजोबांनी पहिला सेट जिंकला. दुसरा दिला. तिसऱ्यात तो हुकमी फटका ते दर वेळी वीतभर लांब मारत गेले. राजपुत्र जिंकला, जाळीपाशी आला, आजोबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “किती सुंदर मॅच झाली!”

“मग? संघात घेतलं?” मी विचारलं.

“घेतलं. पण संघ निघायच्या आधी पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धावरून परत आले ते पुन्हा कॉफीच्या ऑफिसात. रॅकेट हातात धरली नाही. वहीतली शेवटची नोंद त्या मॅचची आहे. तारीख आहे, गाव आहे, राजपुत्राचं नाव आहे. स्कोअर नाही. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला ती वही दिली आणि म्हणाले, एकच गोष्ट मला कधी कळली नाही. त्याला समजलं होतं का?”

साहेब उठले, “आख” म्हणाले आणि चालू पडले. पोह्यांवर माशी बसली तरी कुणी हाकलली नाही. मला इतकी लाज वाटली, की माझे कान तापले.

भाई हळूच म्हणाले, “तां काय बरां केलां नाय आपण, ताई.”

नवरा म्हणाला, “आता सांगून काय होणार? इतके दिवस खोटं जिंकवलं म्हणून सांगायचं? म्हाताऱ्याचं मन मोडेल. अजून एक शुक्रवार काढ, खलास.”

“सांगायचं नाही,” मी म्हणाले. “पण पुढच्या शुक्रवारी खेळायचं. खरं खेळायचं. शेवटची मॅच आहे त्यांची. ती तरी खरी होऊ दे.”

“हरले तर?”

“तर हरतील!” मी ओरडलेच. मंगळवारी संध्याकाळी रास लफानच्या बसमधून उतरून नवरा तसाच कोर्टावर आला आणि मला तासभर सर्व्हिसची प्रॅक्टिस दिली. तो मॅचमध्ये साहेबांचा जोडीदार असणार होता, म्हणजे मी त्याच्याविरुद्ध खेळणार होते. तरी दिली.

तो शुक्रवार उजाडला तो धुक्यात. कोर्टावर इतकं दव, की पाय ठेवला की सुर्रकन घसरत होता. साहेबांनी एक नजर टाकली आणि पँट वर दुमडून वायपर मागितला. पाण्याचा निचरा हे त्यांचं कामच. आम्ही चौघांनी जुने टॉवेल घेऊन कोर्ट पुसलं. खेळ सुरू व्हायला नऊ वाजून गेले. भाई घड्याळाकडे बघत म्हणाले, “ताई, साडेदहाला मी सुटणार हां. यल्ला, चला!”

पहिली सर्व्हिस माझी. मी ती जीव खाऊन मारली, साहेबांच्या डाव्या अंगाला. ते चमकले. माझ्याकडे बघितलं, रॅकेटकडे बघितलं, आणि त्यांच्याकडे आलेली पुढची सर्व्हिस त्यांनी अशी परतवली, की बॉल माझ्या पायाशी येऊन मेला. मी तिथे उभीच! इतके महिने हा माणूस असा खेळू शकत होता?

काय खेळले ते त्या दिवशी! पळत फार नव्हते, पण बॉल कुठे येणार ते त्यांना आधीच कळायचं. मी लांब मारला की ते आखूड मारायचे, भाई पुढे आले की त्यांच्या डोक्यावरून. माझा नवरा तर खुळ्यासारखा “वा! वा!” करत स्वतःचे बॉल सोडत होता. आम्ही दोन-चार मागे पडलो. मग भाईंनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे बॉल त्यांना हव्या तिथे पडायला लागले. चार-चार. पाच-पाच. घामाने डोळे चुरचुरत होते, घसा कोरडा, आणि मी इतकी आनंदात होते की मधेच मोठ्याने हसत सुटले. रेघेच्या बाबतीत कुणी कुणाला सूट देत नव्हतं. सहा-पाच आमचे झाले. भाईंच्या घड्याळात दहा पंचवीस.

“आता नाय जात मी,” भाई म्हणाले. “होऊन जाऊंदे.”

साहेबांची सर्व्हिस. तीस-चाळीस. हा पॉइंट आम्ही घेतला तर मॅच आमची. बॉल आला, गेला, परत आला. किती वेळा गेला-आला मोजलं नाही. शेवटी मी तो साहेबांच्या डाव्या अंगाला टाकला, आणि त्यांनी वाकून, गुडघा विसरून, तो फटका मारला. आजोबांचा. कापलेला, जमिनीला चिकटून, रेघेला समांतर. त्याच्यामागे धावायचंही मला सुचलं नाही. बॉल माझ्या डोळ्यांदेखत पडला. रेघेच्या बाहेर. जेमतेम दोन बोटं.

सगळे माझ्याकडे बघत होते. रेघ माझ्या बाजूची, सांगायचं मीच. इतका सुंदर फटका मी आजवर बघितला नव्हता, आणि मारणाऱ्याचा तो शेवटचा होता. ‘इन’ म्हणायला जीभ इतक्या महिन्यांच्या सवयीने वळलीसुद्धा. मग मी डोळे घट्ट मिटले आणि ओरडले, “आउट!”

डोळे उघडले तेव्हा साहेब जाळीपाशी आले होते. त्यांनी बॉलची खूण बघायला मागितली नाही. माझा हात धरून गदागदा हलवला, भाईंना मिठी मारली आणि तडक बाकावर जाऊन वही काढली. लिहून झालं आणि त्यांनी ती वही प्रथमच माझ्या हातात दिली.

पहिल्या पानावर पहिला शुक्रवार. तारीख, दोहा, आमची नावं, आणि शून्य-सहा. शेरा, ‘बाई लॉब चांगला मारतात.’ दुसऱ्या पानावर तारीख, दोहा, आमची नावं. स्कोअर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर नाही. मी पानं उलटत गेले. ते सगळे सहा-चार, सहा-तीन, ज्यांच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांतला एकही नव्हता. तारखा तेवढ्या होत्या, एकामागून एक शुक्रवार. शेवटच्या पानावर आजची तारीख, आमची नावं, पाच-सात. शेऱ्यात एकच शब्द, ‘आउट.’

मला रडू फुटलं. नवरा खांद्यावरून वाकून बघत होता. मी कसंबसं विचारलं, “मग तुम्ही येत का राहिलात? बोलला का नाहीत?”

“तुम्ही प्रेमाने करत होता,” साहेब म्हणाले. “आणि घावने फार छान होते.”

भाई डोळे पुसत हसले. बॅग त्यांच्या खांद्यावर होती, नमाजाला उशीर होत होता, तरी त्यांचा पाय निघत नव्हता. साहेबांनी माझ्या हातातून वही घेतली, खिशात ठेवली आणि वरचं बटण लावलं. मग माझ्याकडे बघून जर्मनमध्ये एक वाक्य बोलले, सावकाश, शाळेतल्या मुलीला समजेल असं. माझं तीन वर्षांचं जर्मन त्याला पुरलं.

“सांगायला आता आजोबा नाहीत,” ते म्हणाले. “पण राजपुत्राला समजलं होतं.”